रगडून ब्रश केल्याने दात झिजतात का? खाचा फक्त डावीकडेच का?

मालवा_मसाला

नमस्कार मंडळी, डोकं खाणारा प्रश्न आहे, खरं तर दात खाणारा म्हणायला पाहिजे. मी इंदूरची, सुदामा नगर, वय ४६. मागच्या दिवाळीपासून डावीकडच्या वरच्या दातांना गार पाणी लागलं की अशी कळ जाते की डोळे मिटतात. आधी वाटलं कीड असेल, मग लवंग तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, नणंदेने सांगितलेली फिटकरी पण झाली, काही फरक नाही. शेवटी परवा एका दवाखान्यात दाखवून आले. डॉक्टर म्हणाले कीडबिड काही नाही, हिरडी वर सरकलीय आणि सुळा नि त्याच्या मागच्या दोन उपदाढा यांना हिरडीपाशी खाचा पडल्यात. नखाने बघितलं तर खरंच नख अडकतं हो, इतके दिवस कळलंच नव्हतं. "जोरात घासता का?" मी म्हटलं हो, लहानपणापासून सवय आहे, करकर आवाज आल्याशिवाय घासल्यासारखं वाटतच नाही. ते म्हणाले "हळू घासा", सेन्सिटिव्हवाली पेस्ट लिहून दिली, खाचा भरायचा खर्च सांगितला आणि पुढचा पेशंट आत. पाच मिनिटांत काम खलास, माझे प्रश्न माझ्याजवळच राहिले. तर ते आता इथे टाकते.

एक म्हणजे शाळेत शिकलोय की इनॅमल ही शरीरातली सगळ्यात कडक वस्तू, हाडापेक्षा कडक. मग प्लास्टिकच्या केसांनी ती घासली कशी जाईल? दुसरं, मी दोन्हीकडे घासते, मग खाचा फक्त डावीकडेच का, उजवीकडे नख फिरवलं तर गुळगुळीत आहे. आणि तिसरं, माझी आजी रामबागेत राहायची, जन्मभर राखुंडी लावली, ब्रश तोंडात घातला नाही, ऐंशीव्या वर्षी फुटाणे खायची. तिचं काही झिजलं नाही आणि माझं चाळिशीतच?

हो, अजून माहिती विचाराल म्हणून सांगून ठेवते: ब्रश हार्ड लागतो मला, सॉफ्टने समाधान होत नाही. दोन वर्षांपासून कोळशाची काळी पेस्ट वापरतेय, चहाचे डाग जातात म्हणून. सकाळी सहाला कोमट पाण्यात लिंबू-मध, ते झालं की लगेच ब्रश, मग चहा. सगळं तब्येतीसाठीच करते आणि दात असे.

पोहे_जिरावन

ताई, आधी तर उठल्यावर लिंबूपाणी, मग पोह्यांवर लिंबू, संध्याकाळी सराफ्यात गराडूवर (तो तळलेला कंद) लिंबू... दात नाही आंबणार तर काय गोड होणार 😄
बाकी मी पण हार्डवालाच आहे. महिनाभरात ब्रशचे केस असे पसरतात की बायको म्हणते झाडू झालाय. वाचतोय, लिहा कोणीतरी नीट.

बफिंगवाला_पिथमपूर

मी डॉक्टर नाही आधीच सांगतो. पिथमपूरला एका कारखान्यात पॉलिशिंगचं खातं बघतो, २२ वर्षं झाली, त्यामुळे "झिजणे" या गोष्टीवर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

तुमचा पहिला प्रश्न, प्लास्टिकच्या केसांनी कडक वस्तू कशी झिजेल. ताई, आमच्याकडे स्टील आरशासारखं चकाकवतात ते कशाने? कापडाच्या चाकाने. कापड! नुसतं कापडाचं चाक दिवसभर फिरवा, स्टीलचं काही वाकडं होत नाही. चाकाला पॉलिशची वडी लावली की मग खरं काम सुरू, कारण त्या वडीत कण असतात आणि कापतात ते कण, कापडाचं काम फक्त कण धरून ठेवायचं आणि दाबून फिरवायचं. ब्रश म्हणजे ते चाक आणि पेस्ट म्हणजे ती वडी. त्यामुळे सगळे हार्ड ब्रश की सॉफ्ट ब्रश यावर भांडतात आणि पेस्टकडे कोणी बघत नाही, हे मला नेहमी उलटं वाटतं.

आता कण कसले आहेत ते बघा. आपण कडकपणा मोहच्या पट्टीवर मोजतो, १ म्हणजे शंखजिरं आणि १० म्हणजे हिरा. इनॅमल साधारण ५ च्या आसपास, आणि त्याच्या आतला दाताचा भाग ३ च्या आसपास. साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये खडूची जात असते, कॅल्शियम कार्बोनेट, तो ३. म्हणजे इनॅमलपेक्षा मऊ. पण वाळू ७, आणि ॲल्युमिना ९, आम्ही घासायला वापरतो तो. आता तुमच्या आजीच्या राखुंडीबद्दल, गोवरीच्या राखेत माती-रेती येतेच, कोणी किती बारीक चाळली त्यावर आहे. लाल मंजनात बरेचदा गेरू असतो, गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइड, आणि आपल्या सराफ्यात सोन्याला शेवटची चकाकी देतात ती लाल पावडर पण आयर्न ऑक्साइडच. पण ती इतकी बारीक असते की ओरखडा दिसत नाही. तोच माल जाडा राहिला तर सोन्याची वाट लागेल. म्हणून नुसतं नाव वाचून कळत नाही, कण किती बारीक आणि त्याचे कोपरे किती धारदार हे पण पाहिजे.

झिजण्याचा आमचा साधा हिशोब असा: किती जोर लावला, किती अंतर घासलं, आणि समोरचा माल किती कडक. जोर डबल तर झीज डबल धरून चाला. अंतर पण बघा ना, समजा एका जागेवरून ब्रश एका वेळी २० फेऱ्या मारतो, दिवसातून दोनदा, वर्षाच्या १४,६०० फेऱ्या. तीस वर्षांच्या ४ लाख ३८ हजार. इतक्या फेऱ्यांत तर विहिरीचा दोर दगडाला खाच पाडतो.

एक प्रयोग करा, मी केलाय. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, शून्यावर आणा, आणि डोळे मिटून त्याच्या प्लेटवर ब्रश तसाच घासा जसा दातांवर घासता. मग दुसऱ्याला आकडा वाचायला सांगा. माझा ४५० ग्रॅमच्या वर जात होता. कुठे किती असावा ते डॉक्टर लोक सांगतील, पण मला माझीच लाज वाटली.

पोहे_जिरावन

भिया तुम्ही तर दाताचा पूर्ण वर्कशॉप काढला. वजनकाट्याचं करून बघतो, बायकोला सांगायचं नाही फक्त की कणकेच्या काट्यावर ब्रश घासला.

आजोबा_रामबाग

मालवा_मसाला बेटा, रामबागेचं नाव घेतलंस म्हणून लिहितो. मी ७४ चा आहे. आमच्याकडे सकाळी बंबाच्या राखेतूनच राखुंडी व्हायची, त्यात मीठ, कधी लवंग कुटून. बोटाने लावायचो, आणि बोटाने किती जोर लागणार? पुढच्या दातांवर दोन-चार वेळा फिरवलं, खळखळून चूळ भरली, झालं, मागे दाढांपर्यंत बोट जायचंच नाही. तुझ्या आजीचे दात टिकले ते राखेमुळे का राखेला न जुमानता, हे कोणी सांगावं. शिवाय आमच्या वाड्यात ज्यांचे दात पन्नाशीत पडले त्यांची आठवण कोणी काढत नाही, फुटाणे खाणारी एक आजी तेवढी सगळ्यांना आठवते. माझ्या स्वतःच्या मावशीच्या तोंडात साठीला एक दात नव्हता आणि ती पण राखुंडीच लावायची.

आणि काही बायका मिश्री लावायच्या, भाजलेल्या तंबाखूची. त्याचा झिजण्याशी नंतर संबंध, आधी तो तंबाखूच आहे, हिरड्यांना आणि गालाला घातक. इकडे लोक गुल लावतात ते पण तेच. १९९२ मध्ये सरकारने तंबाखूच्या टूथपेस्ट-टूथपावडर बनवण्यावर बंदी घातली, तरी लोक लावतातच. कोणी "जुनं ते सोनं" म्हणून मिश्रीकडे वळू नये म्हणून लिहिलं.

दंतकथा

मी डेंटिस्ट आहे, राजेंद्र नगर भागात बसते, नाव-पत्ता इथे लिहीत नाही, जाहिरात नको. उशिरा बघितलं हे, लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी बफिंगवाल्या दादांना नमस्कार, कारण तुम्ही जे चाक-वडीचं सांगितलं तेच एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं. विलोबी मिलर म्हणून अमेरिकन दंतवैद्य, बर्लिनमध्ये शिकवायचे, कीड कशी लागते यावरचं त्यांचं काम जास्त प्रसिद्ध आहे. १९०७ मध्ये त्यांनी काढलेल्या दातांवर ब्रश फिरवून प्रयोग छापले, नुसत्या पाण्याने घासलं तर जवळपास काही नाही, त्या काळची दंतपावडर घेऊन घासलं तर खाचा, आणि त्या खाचा तोंडात दिसतात तशाच. त्यानंतर पुष्कळ लोकांनी पुष्कळ प्रकारे करून बघितलं, मुद्दा तोच निघतो. ब्रश एकटा इनॅमलचं फारसं काही बिघडवू शकत नाही.

पण ताई, तुमची खाच इनॅमलवर नाहीच आहे, आणि हे तुम्हाला पाच मिनिटांत कोणी सांगितलं नाही. इनॅमल दाताच्या टोकावर दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे येता येता पातळ होत होत संपतं, पोळीची कड असते ना तशी. त्याच्या पुढे मूळ सुरू. मुळावर इनॅमल नसतंच, सिमेंटम नावाचा एक पातळ थर असतो, तो उघडा पडला की लवकर निघून जातो, आणि मग उरतं डेंटिन, दादांनी सांगितलेला इनॅमलच्या आतला भाग. इनॅमलमध्ये वजनाच्या ९६ टक्के खनिज, डेंटिनमध्ये साधारण ७०. म्हणजे तुम्ही शाळेत जे शिकलात ते बरोबर, फक्त ते दाताच्या डोक्यासाठी आहे, मानेसाठी नाही. तुमची हिरडी आधी सरकली, मान उघडी पडली, मग पेस्टच्या कणांना मऊ माल मिळाला. दादांनी दिलेला ३ चा खडू इनॅमलला काही करत नाही पण ३ च्या डेंटिनला करतो. त्यामुळे खाच पायरीसारखी दिसते, वर इनॅमलची कड तशीच आणि खाली खड्डा.

डावीकडेच का? तुम्ही उजव्या हाताने ब्रश करता ना? उजव्या हाताच्या माणसाला डावी बाजू समोरून सरळ मिळते, मनगट मोकळं असतं, सुरुवात पण बहुतेक लोक तिथूनच करतात, तेव्हा ब्रशवर पेस्ट ताजी, हातात जोर ताजा. उजवीकडे येईपर्यंत हात आडवा वळतो, जोर कमी लागतो. आणि सुळा जबड्याच्या कोपऱ्यावर पुढे आलेला असतो, वळणावरच्या घराची भिंत सगळ्यात आधी खरवडते तसं. ज्यांच्या खाचा एकाच बाजूला जास्त आहेत त्यांना मी आधी विचारते कुठल्या हाताने जेवता.

आता लिंबू. आपल्या भाषेत किती छान शब्द आहे, "दात आंबले". आंबट खाल्लं की दात खरखरीत लागतात, चावायला नको होतं, ते उगाच नाही. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज सुटायला लागतं, डेंटिनमधून तर त्याच्याही आधी, ६ च्या थोडं वरच. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, कोल्ड्रिंकचा अडीच-तीन. आम्लाने वरचा अगदी बारीक थर मऊ पडतो, नुसता तसा राहू दिला तर लाळ त्यात थोडंफार खनिज परत भरते, पण तुम्ही ग्लास ठेवून लगेच हार्ड ब्रश आणि कोळसा घेऊन त्यावर चढता. ओल्या भिंतीवर झाडू मारल्यासारखं आहे हे, प्लास्टर राहील कसं? तुमच्या दिनक्रमातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे, जोरापेक्षाही वाईट असं मी म्हणेन. आणि गंमत बघा, दही पण आंबट, पण दह्यात कॅल्शियम-फॉस्फेट इतकं की त्याने दात असे विरघळत नाहीत. म्हणून सगळं आंबट सोडा असं मी सांगत नाही, इंदुरी माणसाला पोह्यावर लिंबू पिळू नका म्हणून सांगायची माझी हिंमत नाही.

पेस्टबद्दल. पेस्टचं कापणं मोजायचं एक माप आहे, आरडीए म्हणतात, डेंटिन किती घासलं जातं त्यावरून. मोजायची जुनी पद्धत ऐकून दादांना मजा येईल, डेंटिनचे तुकडे अणुभट्टीत ठेवून किरणोत्सारी करतात, मग पेस्टच्या घोळात ब्रशने घासतात, आणि घोळात किती किरणोत्सार उतरला त्यावरून किती दात निघाला ते कळतं. ठरलेल्या एका पावडरला १०० धरतात आणि आंतरराष्ट्रीय मानकाची वरची मर्यादा २५०. रोजच्या बऱ्याच पेस्ट याच्या खूप आत असतात. पण आपल्याकडे डब्यावर हा आकडा सहसा छापत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला उपाय एकच, "व्हाइटनिंग", "डाग घालवा", "कोळसा" असं लिहिलेलं रोजच्या वापराला घेऊ नये, खास करून ज्याचं मूळ उघडं आहे त्याने. कोळसा डाग काढतो तो खरवडूनच काढतो, दात आतून पांढरा करत नाही. शिवाय अशा बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, म्हणजे झिजणं पण आणि कीडही मोकळी.

आणि कळ का येते ते. डेंटिनमध्ये हजारो बारीक नळ्या असतात, आत पाणी भरलेलं. नळ्यांची तोंडं उघडी पडली की गार पाण्याने आतलं पाणी हलतं आणि नस ओरडते. साठच्या दशकात स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉमनी हे मांडलं, आजही तेच धरतात. सेन्सिटिव्ह पेस्ट एकतर नस शांत करते, पोटॅशियम नायट्रेट असलेली, नाहीतर नळ्यांना बूच लावते. पण दोन-चार आठवडे रोज लावावी लागते, दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, सगळे तेच करतात.

खाचा भरायच्या का? खोल असतील, कळ थांबत नसेल, किंवा अन्न अडकून कीड लागायची भीती असेल तर भराव्या, कॉम्पोझिट किंवा ग्लास आयनोमर. पण हात तोच राहिला तर एक-दोन वर्षांत तुम्ही फिलिंग पण झिजवाल, मग माझ्याकडे येऊन म्हणाल डॉक्टरने खराब माल घातला. उथळ असतील तर आधी तीन महिने सवय बदला मग बघू, असं मी माझ्या पेशंटला सांगते. तुमच्या डॉक्टरांनी चूक काही सांगितलं नाही, थोडक्यात सांगितलं.

शंकासुर_बडोदा

बडोद्याहून वाचतोय, आमच्याकडे पण सेव-उसळवर लिंबू पिळतातच त्यामुळे प्रश्न आमचाही आहे. डॉक्टर, दोन शंका. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबा असं सगळे सांगतात, पण अर्ध्या तासात लाळ खरंच दात पूर्ववत करते का? आणि सॉफ्ट ब्रश घेतला की सुटलो का?

आणि एक निरीक्षण. माझ्या बाबांच्या दातांना अशाच खाचा आहेत आणि ते ब्रश इतका हळू करतात की आईला शंका येते करतात का नाही. मग ते कसं?

दंतकथा

शंकासुर, नावाप्रमाणे आहात 😊

अर्ध्या तासाचं: थांबण्यात तोटा नाही, पण अर्ध्या तासात दात होता तसा कडक होतो असं मी छातीठोक सांगणार नाही, लाळेला त्याहून जास्त वेळ लागतो आणि या विषयावर आमच्यातच मतभेद आहेत. म्हणून मी उलटं सांगते, ब्रश आधी करा, आंबट नंतर. उठल्यावर ब्रश, मग लिंबूपाणी हवंच असेल तर ते, घोट घोट तोंडात घोळवू नका, एका दमात प्या, आणि साध्या पाण्याने चूळ भरा. रात्री झोपताना जेवणापासून तसाही वेळ गेलेला असतो.

सॉफ्ट ब्रशचं: हिरडीला इजा कमी, म्हणून सॉफ्टच घ्या. पण प्रयोगशाळेत असं पण दिसलंय की मऊ केस वाकतात, दाताला जास्त भिडतात आणि पेस्ट जास्त धरून ठेवतात, म्हणजे डेंटिनची झीज हार्डपेक्षा कमी होईलच असं नाही. दादांच्या भाषेत, मऊ चाक वडी चांगली धरतं. तेव्हा सॉफ्ट घेऊन तसंच करकर घासायचं असेल तर काही मिळवलं नाही.

तुमच्या बाबांचं: रात्री दात खातात का? बिछान्यात करकर आवाज येतो का? दाढांवर जोर पडला की दात मानेपाशी किंचित वाकतो आणि तिथले कण निखळतात असा एक विचार आहे, त्यावर वाद आहे पण दात खाणाऱ्यांमध्ये चावायचे पृष्ठभाग सपाट झालेले स्पष्ट दिसतात. सुपारीवाल्यांचेही तसेच. आणि दुसरं, ॲसिडिटी आहे का? पोटातलं आम्ल वर येत असेल तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू, टाळूकडची, गुळगुळीत आणि पातळ होते. तिथे ब्रश तर क्वचितच पोचतो. आतून झिजलं असेल तर ब्रशला दोष देऊ नका, पोटाच्या डॉक्टरकडे पाठवा. खरं सांगायचं तर एकाच कारणाने झिजलेलं तोंड मला फार कमी दिसतं, आम्ल मऊ करतं, पेस्ट घासते, रात्रीचं दात खाणं भर घालतं.

हो, जोराचं राहिलं. साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम पुरतो. घाण जी काढायची आहे ती मऊ साय असते, साय काढायला रंधा लागत नाही. ब्रश हिरडीकडे तिरका, ४५ अंशात धरून जागच्या जागी बारीक हलवायचा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढायचा. आडवं करवतीसारखं नाही. आणि ब्रश मुठीत धरू नका, पेनसारखा बोटांत धरा, बोटांत जोर येतच नाही. ब्रशचे केस दोन-तीन आठवड्यांत पसरत असतील तर, पोहे_जिरावन, तुमच्यासाठी बोलतेय, वजनकाटा पण नको, उत्तर समोर आहे.

आणि कृपा करून हे वाचून कोणी ब्रश कमी करू नका. झिजून गेलेले दात मी आठवड्यात पाच-सात बघते, किडून आणि हिरड्या सडून गेलेले रोज बघते.

पोहे_जिरावन

५३० ग्रॅम. 🙈 बायकोने वाचला आकडा, म्हणाली अर्धा किलो साखर तोलून आणलीस का.

बफिंगवाला_पिथमपूर

डॉक्टर मॅडम, अणुभट्टीचं वाचून खात्यात सगळ्यांना दाखवलं. आम्ही अजून मायक्रोमीटर लावून बसतोय. पेनसारखा धरून बघितला काट्यावर, १७० च्या वर जातच नाही, बोट दुखतं. हे छान आहे, अकलेपेक्षा पकड बदलणं सोपं.

मालवा_मसाला

सगळ्यांचे खूप खूप आभार, आणि डॉक्टर ताईंचे तर विशेष, इतकं कोण लिहितं. तीन आठवड्यांनी लिहितेय, मुद्दाम थांबले होते.

काट्यावर माझे ६२० ग्रॅम आले. मला वाटलं काटा बिघडला, मुलीने करून बघितलं तर तिचे २१०, म्हणजे काटा ठीक आहे आणि आई बिघडलेली आहे. पेनसारखा धरायला लागल्यावर पहिले चार-पाच दिवस अजिबात घासल्यासारखं वाटलं नाही, दिवसभर तोंडात काहीतरी राहिलंय असं वाटायचं, जीभ फिरवून बघायचे, दात तर स्वच्छ होते. करकर आवाज येत नाही हेच मनाला पटत नव्हतं. आता सवय होतेय.

काळी पेस्ट बंद. टाकवत नव्हती, अर्धी ट्यूब होती, मग बाथरूमच्या नळावरचे पांढरे डाग काढायला वापरली, नळ असा चमकला की पोटात गोळा आला, हे मी दोन वर्षं दातांना लावत होते!

लिंबूपाणी आता ब्रशनंतर आणि आठवड्यातून दोनदाच, चूळ भरून. गार पाण्याची कळ गेली असं नाही म्हणणार पण आता डोळे मिटत नाहीत, मटक्याचं पाणी पिता येतं, फ्रिजचं अजून नाही. खाचा अजून भरल्या नाहीत, तीन महिने बघते आणि मग ठरवते. आजोबा, तुम्ही आजीबद्दल लिहिलं ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की अगं आजीच्या खालच्या दाढा कधीच गेल्या होत्या, ती फुटाणे पुढच्या दातांनीच खायची. हे मला ४६ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आणि एक शेवटचं, डॉक्टर ताईंनी हाताचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आमचे हे डावखुरे आहेत. रात्री जेवणं झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि गाल ओढून बघितलं, ते म्हणत होते काय वेड लागलंय का. डावीकडे काही नाही. उजवीकडे सुळ्याला आणि त्याच्या मागच्या दाताला खाच, माझ्यासारखीच, नख अडकतंय. आता उद्या त्यांना काट्यावर उभं करते, म्हणजे त्यांच्या ब्रशला.

दंतकथा

आणा दोघांना, डावी-उजवी जोडी फोटो काढून विद्यार्थ्यांना दाखवीन.